आधी तुमच्याकडे काय आहे ते सांगा

सातारा जिल्ह्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात मी भूगोल शिकवते. नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी संस्था; तिची समिती येऊन गेली, श्रेणी लागली, पेढे वाटून झाले आणि लगेच प्राचार्यांनी आंतरराष्ट्रीय संबंध कक्षाचा जादा कार्यभार माझ्याकडे दिला. कक्ष म्हणजे आयक्यूएसीच्या, अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या, खोलीतलं एक कपाट. त्यात परदेशी संस्थांशी झालेल्या सामंजस्य करारांच्या फायली. प्रत्येक फाइलमध्ये सह्यांचा कागद, त्यामागे शाल-श्रीफळाचा फोटो आणि त्यामागे काहीच नाही.

असे करार कसे होतात हे कॉलेजात नोकरी केलेल्या कुणालाही वेगळं सांगायला नको. कुणाची ऑनलाइन परिषदेत ओळख होते, कुणाचा मेहुणा मलेशियात शिकवत असतो, कधी एखादा एजंटच 'फॉरेन कोलॅबरेशन करून देतो' म्हणून दारात येतो. नॅकच्या तिसऱ्या निकषात 'फंक्शनल एमओयू', म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेले करार, किती, असा रकाना असायचा. मग वर्षातून एक ऑनलाइन व्याख्यान ठेवायचं, स्क्रीनशॉट काढायचा, हजेरीची यादी जोडायची, की करार फंक्शनल. मी फाइलमधल्या प्रत्येक संस्थेला साधं पत्र पाठवलं: पुढच्या वर्षी आपण दोघांनी मिळून काय करायचं? बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. एके ठिकाणी सही करणारे गृहस्थ निवृत्त होऊन गेले होते आणि त्यांच्या जागी आलेल्या बाईंना साताऱ्याशी काही करार आहे हेच ठाऊक नव्हतं. त्यांनी तसं प्रांजळपणे कळवलं, हेच पुष्कळ.

यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, 2021 साली उच्च शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीयीकरणासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात परदेशी व्यवहारांचं कार्यालय आणि माजी विद्यार्थ्यांशी संपर्क ठेवणारा कक्ष, दोन्ही सांगितले आहेत. ते वाचताना मला वाटलं होतं की कुणीतरी उगाच दोन कामं एका पानावर आणून ठेवलीत. प्रत्यक्षात आम्हाला दार उघडून दिलं ते एका माजी विद्यार्थ्यानेच. मुलगा पाटण तालुक्यातला, आमच्याकडे बीएस्सी झालेला, पुढे जर्मनीत पीएचडी करून तिथल्याच एका विद्यापीठात संशोधन करतोय. दिवाळीला गावी आला की कॉलेजात चक्कर असतेच. त्याला म्हटलं, बाबा, तुझ्या ओळखीत पाण्यावर काम करणारं कुणी आहे का? त्याने एका प्राध्यापकांचा पत्ता दिला. विद्यापीठ छोटं, 'उपयोजित विज्ञान' प्रकारातलं, आणि तिथला जलव्यवस्थापनाचा अभ्यासक्रम चांगला.

कॉलेजचं ठरलेलं परिचयपत्र जोडून ईमेल गेला. सुसज्ज प्रयोगशाळा, निसर्गरम्य परिसर, अनुभवी प्राध्यापक वर्ग, ग्रंथालयात इतकी पुस्तकं. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, दोन ओळींचं. प्रयोगशाळा आमच्याकडेही आहेत. आमच्या विद्यार्थ्यांना इथे बसून शिकता येणार नाही असं तुमच्याकडे काय आहे, ते आधी सांगा.

आमच्या कार्यालयात हे उत्तर काहींना उद्धट वाटलं. मला ते आवडलं, कारण भूगोलाच्या माणसाला त्याचं उत्तर नकाशाकडे बोट दाखवून देता येतं. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तिथून मेढा, सातारा, कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी करत म्हसवडला पोचलात की तो पाचशेच्या आसपास येतो. हे सगळं दीडशे किलोमीटरच्या आत आणि एकाच जिल्ह्यात. सकाळी धुक्यात निघालेला माणूस दुपारी बाभळीखाली उभा असतो. आमच्या पोरांना यात नवल वाटत नाही, कारण ती रोज त्याच एसटीने येतात. पर्जन्यछाया, म्हणजे डोंगराआडच्या भागात पाऊस कमी पडणं, शिकवायला जगात याहून सोयीची जागा फार नसतील.

कोयनेचाही विचार केला होता. डिसेंबर 1967 च्या भूकंपानंतर धरणाच्या जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपांच्या अभ्यासात कोयना हे नाव जगभर घेतलं जातं, आणि कराडला खोल विंधनविवरांवर संशोधन करणारी केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. पण तो भूभौतिकीचा प्रांत. त्यासाठी लागणारी उपकरणं आमच्याकडे नाहीत, माणसंही नाहीत. जे आपल्याला खरोखर शिकवता येतं तेवढंच लिहायचं, असं ठरवलं. महाबळेश्वर ते म्हसवड रेषेचा नकाशा, त्यावरच्या पर्जन्यमापक केंद्रांची यादी, आमच्या एमएस्सीच्या मुलांनी केलेल्या गावांच्या पाहण्या, इतकं पाठवलं. या वेळी उत्तर लांबलचक आलं.

पुढचा प्रश्न व्यवस्थापनाकडून: संयुक्त पदवी देता येईल का? जाहिरातीत बरी दिसते. यूजीसीचे यासंबंधीचे नियम 2022 चे आहेत. ट्विनिंग (अभ्यासाचा काही भाग परदेशी संस्थेत), संयुक्त पदवी (दोन संस्थांची मिळून एक) आणि दुहेरी पदवी (दोघांची वेगवेगळी) असे तीन प्रकार. भारतीय संस्थेला नॅकचे किमान 3.01 गुण हवेत, नाहीतर एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या शंभरात नाव हवं. परदेशी संस्था टाइम्स किंवा क्यूएसच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या हजारात हवी. इथेच आमचा विषय मिटला. जर्मनीतली उपयोजित विज्ञानाची विद्यापीठं या क्रमवाऱ्यांत सहसा दिसतच नाहीत. त्यांचा भर संशोधननिबंधांपेक्षा उद्योगाशी जोडलेल्या शिक्षणावर असतो आणि क्रमवारी मुख्यतः निबंध नि नाव मोजते. आमच्या मुलांना उपयोगाचं नेमकं तेच शिक्षण होतं. मग पदवीचा नाद सोडला आणि साधी देवाणघेवाण धरली: विद्यार्थी, शिक्षक आणि एक सामाईक विषय. माझं मत आजही हेच आहे की लहान कॉलेजने इथूनच सुरुवात करावी. पदवीचं नाव मोठं असतं, पण त्यामागची व्यवस्था पेलली नाही तर मुलं मध्येच लटकतात.

कराराचा मसुदा मात्र रेंगाळला. आमच्या नेहमीच्या नमुन्यात शेवटचं कलम होतं: वाद उद्भवल्यास सातारा न्यायालयाचं अधिकारक्षेत्र राहील. त्यांच्या विधी विभागाने ते नम्रपणे खोडलं. त्यांनी टाकलेलं, विद्यार्थ्यांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचं कलम आमच्या कुणाला धड कळेना. युरोपात तो कायदा 2018 पासून लागू आहे आणि तिथली विद्यापीठं त्याबाबत कमालीची काटेकोर. शेवटी 'मतभेद परस्पर चर्चेने सोडवावेत' यावर दोन्हीकडचे राजी झाले. आर्थिक बोजा कुणावरही नाही, मुदत पाच वर्षं, आणि प्रत्येक बाजूला एका शिक्षकाचं नाव जबाबदार म्हणून. हा शेवटचा मुद्दा त्यांचा. आमच्याकडे करार पदनामाने होतात, माणसाच्या नावाने नाही. कपाटातल्या फायली का मेल्या, ते मला तेव्हा उमगलं.

क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचा अभ्यास मोजायचं एकक; त्याचं गणित मला सगळ्यात रंजक वाटलं. अभ्यास मंडळाच्या बैठकीत चहा दोनदा मागवावा लागला ते प्रकरण हेच. आपल्याकडे सत्राला साधारण वीस क्रेडिट, वर्षाला चाळीस. युरोपात वर्षाला साठ. म्हणजे त्यांची मुलं दीडपट अभ्यास करतात का? तसं नाही. त्यांचं एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे पंचवीस ते तीस तास, वर्गातले आणि घरचे मिळून. आपण वर्षानुवर्षं फक्त वर्गातले तास मोजत आलो: व्याख्यानाचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट. मूल घरी काय करतं ते आपल्या हिशेबात नव्हतंच. नव्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात आता वर्षाला 1200 तासांची चाळीस क्रेडिट धरली आहेत, तरी कॉलेजांची सवय जुनीच. आमचे चार म्हणजे त्यांचे सहा, असं शेवटी ठरलं. मंडळातल्या एका ज्येष्ठ सरांनी विचारलं, "मग आपल्या पोराचे दोन कुठं गेले?" ते कुठेच गेले नाहीत हे पटवण्यात अर्धा तास गेला.

गुणांची तर उलटीच तऱ्हा. जर्मनीत 1.0 म्हणजे सर्वोत्तम, 4.0 ला जेमतेम पास, 5.0 म्हणजे नापास. आमच्या दहापैकी दिल्या जाणाऱ्या सीजीपीएचं, म्हणजे सरासरी श्रेणीगुणांचं, रूपांतर करायला ते एक सूत्र वापरतात: कमाल गुणातून मिळालेले वजा करायचे, त्याला कमाल आणि उत्तीर्णतेच्या गुणांतल्या फरकाने भागायचं, तिनाने गुणायचं आणि एक मिळवायचा. उत्तीर्णता चारला धरली तर 8.2 चा मुलगा 1.9 वर येतो. पहिली गुणपत्रिका घरी गेली तेव्हा एका पालकांनी फोन केला, "मॅडम, दहापैकी एक पूर्णांक नऊ? पोरगं तिकडं करतंय तरी काय?" तेव्हापासून आम्ही गुणपत्रिकेसोबत मराठीतून एक चिठ्ठी जोडतो.

मुलांना पाठवण्याआधी एक सत्र ऑनलाइन चालवायचं ठरलं. दोन्हीकडचे विद्यार्थी मिळून एकाच विषयावर काम करणार. या पद्धतीला कॉइल म्हणतात, न्यूयॉर्क राज्याच्या विद्यापीठाने ती रुजवली. खर्च जवळजवळ नाही. अडचणी मात्र भरपूर. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले दीड, आणि ऑक्टोबरअखेर ते घड्याळ मागे घेतात तेव्हा अडीच. अडीचला सुरू झालेला तास चारला संपला की दहिवडीकडच्या मुलांची गाडी निघून जायची. त्यांना वाटायचं भारतीय मुलं उठून का जातात. मी एसटीचं वेळापत्रक इंग्रजीत करून त्यांना पाठवलं. पुढच्या तासापासून त्यांनी सुरुवात अर्धा तास अलीकडे घेतली.

पहिले दोन तास आमची मुलं गप्प. कॅमेरे बंद, नावांच्या काळ्या चौकटी. डेटा वाचवायचा होता, हे खरं. इंग्रजीची धास्ती होती, हेही खरं. मग आम्ही चारचार जणांचे गट केले, दोन इकडचे, दोन तिकडचे. मुलांनी लगेच व्हॉट्सॲपवर गट बांधला. त्यांच्या विद्यापीठाच्या डेटा संरक्षण अधिकाऱ्याने त्याला हरकत घेतली आणि स्वतःची प्रणाली दिली. ती आमच्या मुलांच्या फोनवर चालेना. अधिकृत काम त्या प्रणालीवर आणि खरं बोलणं कुठे, ते मुलांनी ठरवलं. आम्ही शिक्षकांनी त्यात नाक खुपसलं नाही.

काम दिलं होतं आठवडाभर आपल्या घरातलं पाणी मोजायचं. जर्मन मुलांनी मीटर वाचले. आमच्याकडे आधी मोजण्याचंच माप बसवावं लागलं. हंडा किती लिटरचा? कळशी किती? टँकर आला की अंगणातली दोनशे लिटरची बॅरलं भरतात, ती किती दिवस पुरतात? मुलींनी घरी मापी जगने हंडे भरून पाहिले. दोन घरचे हंडे सारखे निघेनात. जर्मनीत घरगुती वापर माणशी दिवसाला सव्वाशे लिटरच्या आसपास. घरोघरी नळाचं पाणी देण्याच्या आपल्या जलजीवन मिशनचं उद्दिष्ट माणशी 55 लिटर. माण तालुक्यातल्या एका मुलीच्या घरचा उन्हाळ्यातला आकडा त्याहूनही कमी आला आणि त्यातलं बरंच पाणी जनावरांना गेलं होतं. तिच्या गटातल्या जर्मन मुलाने विचारलं की जनावरांचं पाणी घरगुती वापरात कसं धरता? ती म्हणाली, "ती घरातलीच आहेत." त्या गटाचा अहवाल सर्वांत चांगला झाला, कारण त्यांना वापराची नवी वर्गवारी मांडावी लागली.

उलट दिशेनेही काही आलं. आमच्या मुलांची ठाम समजूत होती की युरोपात पाण्याला तोटा नाही. मग त्यांनी राइन नदीची आकडेवारी पाहिली. 2018 आणि 2022 साली जर्मनीतल्या काउब गावाजवळ पाणी इतकं उतरलं की मालवाहू जहाजांना पूर्ण माल भरता येईना आणि उद्योगांची पंचाईत झाली. चेक प्रजासत्ताकात डेचिन गावी एल्बे नदीच्या पात्रात एक दगड आहे, पाणी फार आटलं की उघडा पडतो. त्यावर 1616 पासूनची दुष्काळाची सालं कोरलेली आहेत आणि जर्मन भाषेत लिहिलंय: मला पाहशील तर रड. म्हसवडच्या एका मुलाने त्या दगडाचा फोटो आजोबांना दाखवला. आजोबांनी विचारलं, तिकडं छावण्या लागतात का? हा प्रश्न त्याने जसाच्या तसा गटात टाकला आणि चारा, जनावरं, सरकारी मदत यावर दोन आठवडे चर्चा चालली. 'ग्लोबल आउटलुक' नावाचा रकाना अहवालात भरताना मी हेच लिहिलं. समितीला ते कितपत रुचलं कोण जाणे.

मग जर्मनीहून ते लोक आले. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत त्याच्या नोंदणीचा फॉर्म सी ऑनलाइन भरावा लागायचा. हॉटेलवाल्यांना हे पाठ असतं, कॉलेजच्या अतिथीगृहाला नव्हतं. वॉर्डन मॅडमनी लॉगिन काढण्यापासून सगळं स्वतः केलं आणि पोलीस ठाण्यातल्या हवालदारांशी त्यांची इतकी ओळख झाली की आता आमचं निम्मं काम फोनवर होतं. स्वागतसमारंभ आवरता घ्यावा म्हणून मी बरीच विनवणी केली. तरी फेटे झालेच.

आठवडाभर आम्ही ती रेषा चाललो. महाबळेश्वरची वेधशाळा, कोरेगावकडचं बागायत, पुसेगावपुढची उघडी माळरानं. आमची मुलं दुभाष्याचं काम करत होती आणि मला त्यांच्यातला बदल तिथे दिसला. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा पारावर बसलेल्या माणसांकडून विहिरींची खोली काढून घेत होता. दहिवडीच्या अलीकडे धनगरांचा वाडा उतरला होता. जर्मन प्राध्यापकांनी विचारलं, पाऊस कुठे किती पडतो हे तुम्हाला कसं कळतं? मेंढका म्हणाला, "दिवाळी झाली की कोकणात उतरायचं, पाऊस लागायच्या आत देशावर यायचं. बापजाद्यापासनं हेच चाललंय." आमचा नकाशा त्याच्या पायांत होता. ती मुलाखत आता त्यांच्या अभ्यासक्रमात वाचनासाठी आहे, मेंढक्याच्या संमतीने.

आमच्या मुलांनी तिकडे जायचं तेव्हा पैशांचा प्रश्न आला. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत भारतीय विद्यार्थ्यालाही सत्रभरासाठी जाता येतं. अर्ज युरोपातल्या संस्थेने करायचा, मुलाला मासिक भत्ता, अंतरानुसार प्रवासखर्च, आणि यजमान विद्यापीठ शिक्षणशुल्क घेत नाही. कागदावर सगळं छान. पण व्हिसाचं शुल्क आणि विमानाचं तिकीट आधी लागतं, भत्त्याचा हप्ता नंतर येतो. ज्या घरी वर्षाचा पैसा कांद्यावर नाहीतर कारखान्याच्या बिलावर येतो त्या घराने हा मधला काळ काढायचा कसा? माजी विद्यार्थी संघाने एक फिरता निधी उभा केला. त्यातून मुलाला बिनव्याजी रक्कम मिळते, भत्ता आला की परत. परदेशी सहकार्याच्या आमच्या साऱ्या कामात हा निधी मला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि त्याच्याबद्दल कुठल्याच रकान्यात विचारत नाहीत.

निवडीवरून वाद झाला. समितीतल्या काहींचं म्हणणं, फाडफाड इंग्रजी बोलणारी मुलं पाठवावीत, कॉलेजचं नाव होईल. मी क्षेत्रकार्याच्या वह्या टेबलावर ठेवल्या. माणमधल्या त्या पाणी मोजणाऱ्या मुलीची वही पाहिल्यावर फारसं बोलणं झालं नाही. पासपोर्टसाठी तिचा दाखला आणि आधार यांवरची नावं जुळेनात, ते निस्तरायला पावसाळा गेला. शिवाय त्यांचं सत्र मार्चमध्ये सुरू होतं, आपली परीक्षा त्यानंतर. त्यासाठी सबंध सत्राची क्रेडिट तिकडून आणायची परवानगी पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाकडून घेतली. तिचे वडील मात्र शेवटपर्यंत घुटमळत होते.

"तिकडं तिला आपलं म्हणून कोण हाय, मॅडम?"

"आपला जुना विद्यार्थी आहे, दादा. पाटणचा."

"पाटणचा हाय व्हय? मग जाऊ द्या."

ती गेली, सत्र पूर्ण केलं, 1.7 घेऊन आली. आता तिच्या मागून दरवर्षी एखाददुसरं मूल जातं. तिकडून इकडे येणारे जास्त, पण ते आठवड्यासाठी. सत्रभर साताऱ्यात राहायला अजून कुणी आलेलं नाही. इंग्रजीतून चालणारे आमचे विषय मोजकेच आहेत, हे त्याचं मुख्य कारण. कपाटातल्या जुन्या करारांपैकी ज्यांचं उत्तर आलं नाही ते विद्वत परिषदेत ठराव करून बंद केले. आकडा घसरला म्हणून थोडी कुरकुर झाली.

सध्या कराराचं नूतनीकरण चालू आहे. आम्ही दोन कलमं वाढवून मागितली. पहिलं, गावांतून गोळा केलेली माहिती वापरताना त्या गावाचं नाव आणि आमच्या विद्यार्थ्यांची नावं यायलाच हवीत. ते त्यांनी एका दिवसात मान्य केलं. दुसरं, जो अहवाल तयार होईल तो आधी त्या गावच्या ग्रामसभेत मराठीतून मांडायचा. त्यावर त्यांच्या विधी विभागाने विचारलंय, अनुवादाचा खर्च कोणी करायचा? प्राचार्य म्हणतात त्यांनी, त्यांचे प्राध्यापक म्हणतात निम्मा निम्मा. सोमवारी बैठक आहे.